दुसऱ्याच्या शब्दांची चाकरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाषेचा प्राध्यापक नेमके काय करतो, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते. तो वर्गात कविता शिकवतो, समीक्षेची पुस्तके लिहितो, चर्चासत्रात निबंध वाचतो. ते खरेही आहे. पण भाषेच्या प्राध्यापकांची आणखी एक जात आहे, ती सहसा नजरेत भरत नाही. ही माणसे परक्या भाषेतली कादंबरी आपल्या भाषेत आणतात, दुसऱ्याचे हस्तलिखित छापण्याजोगे करून देतात आणि विद्यार्थ्यांना अर्ज, अहवाल, इतिवृत्त, माहितीपत्रक कसे लिहावे हे शिकवतात. साहित्याचे भाषांतर, संपादन आणि व्यावहारिक लेखनाचे अध्यापन, अशी ही तीन कामे. तिन्ही ठिकाणी चाकरी दुसऱ्याच्या शब्दांची असते आणि स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत कुठेच येत नाही.

वरवर पाहता या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. कालिदासाचे भाषांतर करणाऱ्याने नळाच्या पाण्याच्या तक्रारीचा अर्ज कशाला शिकवावा, असे कुणालाही वाटेल. माझे म्हणणे असे, की तो त्यानेच शिकवावा. कारण ही तीन कामे मुळात एकच काम आहे. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये उभे राहायचे आणि वाचणाऱ्याच्या बाजूने प्रश्न विचारायचे, हे ते काम. ते नीट झाले नाही, तर नुकसान विद्वानांचे होत नाही. ते तुमचे-आमचे होते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. आधुनिक मराठी गद्य घडले तेच मुळी अशा माणसांच्या हातून. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण घ्या. जन्म १८२४ चा, मृत्यू १८७८ चा. निबंधमालाकार विष्णुशास्त्र्यांचे वडील ही त्यांची आजची ओळख, पण ती अपुरी आहे. पुण्याच्या पाठशाळेत ते संस्कृत शिकले, पुढे इंग्रजी शिकले. सरकारच्या भाषांतराच्या खात्यात त्यांनी काम केले, पूना कॉलेजात मराठी शिकवले आणि शिक्षक तयार करणाऱ्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख झाले. ‘शालापत्रक’ या शिक्षकांसाठी निघणाऱ्या मासिकाचे ते संपादक होते. मराठी व्याकरणावर त्यांनी निबंध लिहिले. आणि या सगळ्या नोकरीच्या धबडग्यात त्यांनी ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणले, सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले, आणि अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी इंग्रजीवरून मराठी वाचकांच्या हाती दिल्या.

आजच्या शब्दांत सांगायचे, तर एकाच माणसाच्या पगारपत्रकात साहित्याचे भाषांतर, संपादन आणि लेखनाचे शिक्षण ही तिन्ही कामे होती. त्यांच्या काळी ती वेगळी मानणे परवडणारेच नव्हते. शाळा निघत होत्या, त्यांना पुस्तके हवी होती. पुस्तके बहुतेक भाषांतरित असणार. भाषांतर कुणीतरी तपासायला हवे. आणि ते पुस्तक वर्गात शिकवणारा मास्तरही घडवायला हवा.

याच काळातले दुसरे नाव मेजर थॉमस कँडी यांचे. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात त्यांचा हात होता. पुढे शाळाखात्याची मराठी पुस्तके तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यावर ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे छोटे पुस्तक १८५० साली निघाले. आज स्वल्पविराम आपण न बघता टाकतो. पण त्याआधी मोडीतल्या कागदावर वाक्य कुठे संपले, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे असे. वाचणाऱ्याचा श्वास कुठे थांबेल, हा प्रश्न आधी संपादकाला पडला आणि मग ते चिन्ह आपल्या लिपीत आले.

आता या तीन कामांतले पहिले, भाषांतर. शब्दाला शब्द ठेवला की भाषांतर झाले, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे ते एका साध्या शब्दावरून पाहू. इंग्रजीत ‘कझिन’ म्हणतात. मराठीत हा शब्द नाही. आपल्याकडे चुलत, आते, मामे आणि मावस असे चार घरचे चार भाऊ आहेत, तितक्याच बहिणी आहेत, आणि प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी आहे.

जेन ऑस्टेनची ‘मॅन्सफील्ड पार्क’ ही कादंबरी १८१४ साली निघाली. तिच्यात फॅनी आणि एडमंड ही ‘कझिन’ शेवटी लग्न करतात. इंग्रज वाचकाला त्यात काही खटकत नाही. मराठीत आणताना मात्र भाषांतरकाराला आधी नाते शोधावे लागते. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणजे एडमंड हा फॅनीचा मावसभाऊ. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक चालते, पण मावसभाऊ म्हणजे भाऊच. मग काय करायचे? ‘मामेभाऊ’ लिहिले तर वाचक निवांत होईल, पण ते खोटे आहे. ‘नातलग’ लिहिले तर ती लबाडी आहे. ‘मावसभाऊ’ लिहिले तर वाचक दचकेल. चांगला भाषांतरकार ‘मावसभाऊ’च लिहितो आणि त्या समाजात हे नाते लग्नाच्या आड येत नसे, हे वाचकाला कळेल अशी सोय प्रस्तावनेत किंवा ओघात करतो. म्हणजे लेखकाशी खरे राहून वाचकालाही वाऱ्यावर सोडायचे नाही. एका शब्दापायी वंशावळ काढावी लागते, ती यासाठी.

दुसरे काम संपादनाचे. संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे, असा समज आहे. ते मुद्रितशोधन झाले आणि तेही महत्त्वाचेच. पण संपादक त्याच्या आधी येतो. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ‘द यर्लिंग’ ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि पुढल्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. फ्लोरिडाच्या रानात राहणारा एक मुलगा आणि त्याने पाळलेले हरणाचे पाडस यांची ती गोष्ट. त्या रानातल्या मुलाबद्दल पुस्तक लिहा, असे लेखिकेला सुचवणारा माणूस होता तिचा संपादक, मॅक्सवेल पर्किन्स. मुखपृष्ठावर त्याचे नाव अर्थातच नाही.

ही कादंबरी मराठीत आली ती ‘पाडस’ या नावाने. भाषांतरकार राम पटवर्धन. ते स्वतः ‘सत्यकथे’चे संपादक. श्री. पु. भागवतांच्या बरोबरीने त्यांनी मराठीतल्या कितीतरी लेखकांची हस्तलिखिते वाचली, परत पाठवली, पुन्हा मागवली. एका संपादकाच्या सूचनेतून जन्मलेले पुस्तक दुसऱ्या संपादकाच्या हातून आपल्या भाषेत आले, हा योगायोग असेल, पण बोलका आहे. ज्याला दुसऱ्याच्या वाक्यात काय हलते आहे ते ऐकू येते, त्याच्या हातून भाषांतरही चांगले होते. ‘पाडस’ वाचताना फ्लोरिडाचे रान परके वाटत नाही, आणि ते कोकणातले रानही होऊन बसत नाही. ही कसरत कानाची आहे.

तिसरे काम, व्यावहारिक लेखन शिकवण्याचे. इथे मात्र विद्यापीठातल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. अर्ज-पत्रे काय शिकवायची, ती तर शाळेत झाली, असे म्हटले जाते. तर मग हे वाक्य पाहा. ते मी नमुन्यादाखल रचले आहे, पण असे वाक्य आलेले पाकीट आपल्यापैकी अनेकांनी फोडले असेल. “उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत न केल्यास सदरहू अर्ज निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी.”

आता संपादकाचे प्रश्न विचारा. कोणती कागदपत्रे? मुदत कधी संपते? ती कुठे नेऊन द्यायची? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न म्हणजे ‘निकाली काढणे’ म्हणजे काय? कुस्तीचा निकाल लागला की कुणीतरी जिंकते. खेड्यातल्या एखाद्या आजीला वाटेल, अर्ज निकाली निघणार म्हणजे काम होणार. प्रत्यक्षात तिची फाइल बंद होणार असते. तेच पत्र असे लिहिता येते: “तुमच्या अर्जासोबत रेशनकार्डाची प्रत नाही. ती ३० तारखेपर्यंत तहसील कार्यालयात खिडकी क्रमांक ४ वर आणून द्या. प्रत आली नाही तर अर्ज बंद होईल आणि पुन्हा नव्याने अर्ज करावा लागेल.” शब्द सोपे झाले, पण तेवढेच झाले नाही. पहिल्या पत्रात जी माहितीच नव्हती, ती दुसऱ्यात आली. अवघड भाषेचा हा खरा दोष आहे. माहिती नसली तरी ती असल्याचा भास ती करून देते.

ही भाषा आली कुठून, हे पाहिले की तिन्ही कामांचा सांधा दिसतो. ‘सदरहू’ आपल्याकडे फारसीच्या अमलातून आला. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तो काही हौस म्हणून नव्हे. राज्य आपल्या भाषेत चालवायचे होते. पुढे इंग्रजी अंमल आला आणि कचेरीतले वाक्य इंग्रजी वळणाचे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, परिभाषेचे कोश तयार झाले. हे काम मोठे होते आणि आवश्यक होते. पण कोशातून शब्द मिळतात, वाक्य मिळत नाही. शब्द मराठी झाले आणि वाक्याचा सांगाडा इंग्रजीच राहिला. ‘आपणांस कळविण्यात येते की’ हे मराठी माणूस एरवी कधी बोलत नाही. ते एका जुन्या इंग्रजी वाक्याचे कच्चे भाषांतर आहे. म्हणजे कचेरीची अवघड मराठी हा पुष्कळ अंशी भाषांतराचा प्रश्न आहे. तो सोडवायला मावसभावाचा माग काढणारा माणूसच लागतो.

हे फक्त आपल्याकडचे आहे असेही नाही. आपल्याकडे अनेक घरांत ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ शब्दकोश असतो. त्याची पहिली आवृत्ती १९११ साली निघाली, ती तयार केली हेन्री आणि फ्रँक फाउलर या भावांनी. थोरला हेन्री आधी बरीच वर्षे शाळामास्तर होता. दोघा भावांनी मिळून ल्युसिअन या ग्रीक लेखकाचे चार खंडांत इंग्रजी भाषांतर केले, ते १९०५ साली निघाले. लगेच पुढल्या वर्षी त्यांचे ‘द किंग्ज इंग्लिश’ आले. वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत इंग्रजी कसे बिघडते, हे त्यात उदाहरणांनिशी दाखवलेले होते. १९२६ सालचे हेन्रीचे ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ तर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ठाण मांडून बसले. पुढे सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ लिहिले, म्हणजे साधे शब्द कसे वापरावेत याचे पुस्तक. फाउलरच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १९६५ साली निघाली, तीही याच गॉवर्स यांनी केली. ग्रीक अभिजात साहित्याच्या भाषांतरापासून कचेरीच्या टिपणापर्यंत ही वाट अशी सरळ गेली आहे.

आपल्याकडे ती वाट मधेच अरुंद झाली. तरी चालणारे होते. गौरी देशपांडे यांना आपण कथा-कादंबरीकार म्हणून ओळखतो. त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवले, भारतीय इंग्रजी कवितांचा एक संग्रह १९७४ साली संपादित केला, आणि बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे १६ खंड मराठीत आणले. पुढे सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ त्यांनी इंग्रजीत नेले. म्हणजे कृष्णशास्त्र्यांनी ज्या गोष्टी मराठीत आणल्या, त्याच गोष्टी शंभर वर्षांनी आणखी एका अध्यापकाने पुन्हा आणल्या. पहिल्या भाषांतराचा वाचक नुकताच शाळा शिकू लागला होता. दुसऱ्याचा वाचक मूळ ग्रंथातला धीटपणा न गाळता पेलू शकत होता. वाचक बदलला की भाषांतर पुन्हा करावे लागते, हे यातून शिकण्यासारखे.

उलट दिशेचेही एक नाव घेतले पाहिजे. लंडन विद्यापीठात मराठी शिकवणारे इयान रेसाइड यांनी मराठी कथांचा एक संग्रह इंग्रजीत केला आणि श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ही इंग्रजी वाचकांपर्यंत नेली. बापूची कोकणी ऐट परक्या भाषेत न्यायची म्हणजे काय, हे ज्याने ती कादंबरी वाचली आहे त्याला सांगायला नको.

एवढे असून, आज एखाद्या तरुण अध्यापकाने या तीन कामांवर आयुष्य बेतायचे ठरवले, तर हिशेब काय होतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन आणि प्रकाशनांना किती गुण द्यायचे याचा तक्ता होता. भाषा व मानव्यविद्यांत मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाला १० गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र पुस्तकाला १०, आणि संपादित पुस्तकाला ८. अख्ख्या पुस्तकाच्या भाषांतराला ८. एका प्रकरणाचे भाषांतर केले तर ३.

भाषांतराला रकाना मिळाला, ही गोष्ट चांगलीच झाली. त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रमाण पाहा. दहा-पंधरा पानांचा निबंध १०, आणि दोन-तीन वर्षे खाऊन टाकणारी चारशे पानांची कादंबरी ८. घरसंसार असलेला माणूस काय निवडेल? आणि विद्यार्थ्याने लिहिलेला अहवाल चार वेळा तपासून पाचव्यांदा उभा करणे, हे तर संशोधनाच्या तक्त्यात बसणारच नाही. अध्यापनाच्या खात्यातही ते फक्त तासिका म्हणून मोजले जाते. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात दर आठवड्याला एक पान लिहून घेतले आणि प्रत्येक पानाला दहा मिनिटे दिली, तर पाचशे मिनिटे होतात, म्हणजे आठ तासांहून अधिक. ते कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाहीत. मग लेखनाचा तास हा लेखनाविषयीच्या व्याख्यानाचा तास होऊन बसतो. ‘चांगल्या अर्जाची सात वैशिष्ट्ये’ विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि अर्ज लिहायची वेळ आली की जुना नमुना शोधायला लागतो. कळविण्यात-येते-की असेच पिढ्यान् पिढ्या पुढे जाते.

अलीकडे एक नवा प्रश्न विचारला जातो. यंत्र क्षणात भाषांतर करते, पत्रही लिहून देते, मग ही माणसे कशाला? यंत्राचा उपयोग आहेच. कच्चा मसुदा मिळाला तर कुणाला नको? पण फॅनीचा एडमंड यंत्राने ‘चुलत भाऊ’ करून टाकला, तर ते चुकले हे कोण सांगणार? अर्जासोबत कोणता कागद राहिला आहे, हे पत्रात आलेच नाही, हे कुणाच्या लक्षात येणार? मसुदे स्वस्त झाले की तपासणाऱ्याची गरज वाढते. आणि तपासणारा तयार होतो तो दुसऱ्याचे शब्द उलटेपालटे करून पाहण्याच्या सवयीतून.

मार्ग अवघड नाहीत. भाषांतर हे संशोधन म्हणून मोजायचे असेल, तर भाषांतरकाराने आपल्या निर्णयांचे टिपण जोडावे आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी ते तपासावे. आणि मग त्याला शोधनिबंधाहून कमी लेखू नये. लेखनाच्या वर्गात विद्यार्थिसंख्या आटोक्यात ठेवावी आणि मसुदे तपासण्याचे तास कामाचे तास धरावेत. विद्यार्थ्यांना काल्पनिक विषय देण्याऐवजी गावातली खरी कागदपत्रे द्यावीत: ग्रामपंचायतीची नोटीस, बँकेचे कर्जपत्र, औषधासोबतची घडी घातलेली चिठ्ठी. ती सोप्या मराठीत उतरवून घ्यावीत आणि ज्याच्यासाठी ती आहेत त्या माणसाला वाचायला द्यावीत. त्याला कळले तर गुण द्यावेत. याहून कडक परीक्षक मिळणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. त्या दर्जासाठी जुने ग्रंथ, शिलालेख, परंपरा यांचे पुरावे दिले गेले, आणि ते द्यायलाच हवे होते. पण भाषेची रोजची प्रकृती कशी आहे, ते तिच्या शिलालेखांवरून कळत नाही. ते तिच्या नोटिशीवरून कळते. जगातले चांगले पुस्तक तिच्यात येते का, तिच्यातले चांगले पुस्तक बाहेर जाते का, आणि त्या आजीला आपल्या अर्जाचे काय झाले हे दुसऱ्या कुणाला न विचारता वाचता येते का, एवढे तीन प्रश्न पुरेत. त्यांची उत्तरे ज्यांच्या हातात आहेत, त्या माणसांना आपली विद्यापीठे काय देतात, याचा हिशेब आता करायला हवा.